वर्गातलं तंत्रज्ञान तुम्ही नेमकं कुणाकडून शिकलात?

डोंगरवाडीच्या बाई | १० नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट २३. २००३ साली शिक्षणसेवक म्हणून ३ हजार मानधनावर लागले, म्हणजे नोकरीला २२ वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेला मोठं टचपॅनेल मिळालं. सरपंचांनी नारळ फोडला, बसवायला आलेल्या मुलाने अर्ध्या तासात सगळं भराभर दाखवलं आणि तो पुढच्या शाळेकडे निघाला. तेव्हापासून मी त्यावर बालगीतं लावते, गोष्टी लावते. पोरं खूश आहेत, पालक खूश आहेत. पण मी त्यावर काही शिकवत नाहीये, हे मला आतून कळतं आणि ते टोचतं.

प्रशिक्षणं कमी झाली असं नाही. एमएस-सीआयटी केलं तेव्हा आमच्या शाळेत वीजसुद्धा नव्हती, त्यामुळे शिकलेलं वर्षभरात विसरले. पुढे तंत्रस्नेही शिक्षकांचं झालं, निष्ठा झालं, निपुणचं झालं. मागे एका प्रशिक्षणात दीडेकशे जण एकाच हॉलमध्ये होतो. मी मागच्या रांगेत. पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती म्हणून शेजारच्या बाईंच्या वहीतून उतरवून घेतलं. त्या पानाचा उपयोग अजून झालेला नाही.

माझा प्रश्न अगदी साधा आहे. तुमच्यापैकी जे शिक्षक वर्गात खरोखर काही वापरतात, ते तुम्ही कुणाकडून शिकलात? आणि त्यामुळे तुमच्या शिकवण्यात काय बदललं? मुलांना मजा आली, हे उत्तर नको. तुमच्यात काय बदललं ते सांगा.

चिंचेचं झाड | १० नोव्हेंबर, रात्री १०.०५

स्वागत बाई. चांगला विषय काढलात. वाचतोय.

भूमितीवेडा | १० नोव्हेंबर, रात्री ११.२०

बाई, मी फलटणजवळच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मला जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर भाच्याने दाखवलं, तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. गौरी-गणपतीला घरी आला होता, जेवणं झाल्यावर पाटावर बसूनच त्याने फोनवर एक त्रिकोण काढून दाखवला. तेवढ्यावर माझं सुरू झालं. (माहितीसाठी: हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलं. फुकट आहे आणि एकदा फोनवर घेतलं की रेंज लागत नाही.)

आता काय बदललं ते सांगतो. नववीला परिवर्तुळ शिकवताना अठरा वर्षं मी एक वाक्य सांगत आलो: लघुकोन त्रिकोणाचं परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र) आत, काटकोन त्रिकोणाचं कर्णाच्या मध्यावर, विशालकोन त्रिकोणाचं बाहेर. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची, आपण मार्क द्यायचो. त्या वर्षी मी वाक्य सांगितलंच नाही. पडद्यावर त्रिकोण आणि त्याचं परिकेंद्र काढून ठेवलं आणि एका मुलीला म्हटलं, हा वरचा बिंदू धरून हळूहळू खाली ओढ. तिने ओढला. परिकेंद्र खाली सरकायला लागलं. सगळा वर्ग गप्प. ते बरोबर बाजूवर येऊन बसलं तेव्हा मी तिला थांबवलं आणि वरचा कोन मोजायला लावला. ९० अंश! मग आणखी ओढलं तर ते बाजू ओलांडून बाहेर. मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "सर, पळाला!"

त्यानंतर दहा मिनिटं मी एक अक्षर बोललो नाही. पोरंच आपापसात भांडत होती, की असं का होतं. एकाने शोधून काढलं की तिन्ही शिरोबिंदूंपासून सारखं अंतर ठेवायचं असेल तर त्याला बाहेर जाण्यावाचून इलाजच नाही. हे उत्तर मी आजवर एकाही विद्यार्थ्याकडून ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की मी वाक्य आधी सांगून टाकत होतो, म्हणून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपास, पट्टी, कागद. ते सोडायचं नाही. हाताने काढल्याशिवाय भूमिती येत नाही, यावर मी ठाम आहे.

रानवाटा | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

मी शिक्षक नाही, पालक आहे. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माझी मुलगी दुसरीत आहे. तिच्या शाळेत रोज दोन तासिका स्क्रीनवर होतात. घरी आम्ही फोन लपवून ठेवतो आणि शाळेत तेच मोठ्या आकारात. तिला अजून 'क्ष' आणि 'ज्ञ' नीट लिहिता येत नाही. शिक्षकाचा विकास म्हणजे पडदा वापरता येणं, असं समीकरण कधीपासून झालं? माझ्या बाई मातीचे मणी घेऊन यायच्या. त्यांनी शिकवलेली वजाबाकी मी अजून विसरलो नाही.

डोंगरवाडीच्या बाई | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

रानवाटा, राग कसला, तुमची काळजी मला पटते. बालगीतं लावून मी बाजूला वह्या तपासते तेव्हा मीही तेच करत असते. म्हणूनच तर विचारतेय. मणी आमच्याकडेही आहेत, चिंचोकेही आहेत, ते कुठे जाणार नाहीत.

भूमितीवेडा सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "मी वाक्य आधी सांगून टाकत होतो" हे फार लागलं.

निवृत्त गुरुजी | ११ नोव्हेंबर, रात्री ८.५०

मी १९७९ ला नोकरीला लागलो, २०१४ ला निवृत्त झालो. बाई, तुमच्या पॅनेलची गोष्ट वाचून मला आमची पेटी आठवली.

१९८७ ला खडू-फळा मोहीम आली. शाळेला नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञान पेटी, गणित पेटी असं बरंच साहित्य मिळालं. विज्ञान पेटीत भिंग होतं, चुंबक होतं, स्पिरिटचा दिवा होता. मुख्याध्यापकांनी सगळं डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढवलं आणि पेटीला कुलूप लावलं. का? तर तपासणीत एखादी वस्तू कमी भरली तर पगारातून वसुली. हे भय खरं होतं, आमच्या शेजारच्या शाळेतल्या गुरुजींकडून फुटलेल्या गोष्टीचे पैसे भरून घेतले होते. त्यामुळे पोरांनी चुंबक पाहिलं ते कपाटाच्या काचेतून.

तेच टीव्हीचं. पुण्याला बालचित्रवाणी १९८४ ला सुरू झाली. मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करायचे, आणि फार मनापासून करायचे. आमच्या गावात टीव्ही आला तो ग्रामपंचायतीत बसवला. मी पोरांना रांगेने तिकडे न्यायचो. कार्यक्रम संपला की परत वर्गात येऊन विचारायचो, काय पाहिलं. सुरुवातीला पोरं फक्त "हत्ती" म्हणायची. तीन-चार महिन्यांनी त्यांनीच विचारलं, की गुरुजी, तो माणूस बोलताना हत्तीच्या पाठीवर बसलेला दाखवतात, मग फोटो काढणारा कुठे बसलाय? त्या एका प्रश्नावर मी आठवडाभर शिकवलं. २०१७ ला ती संस्था बंद झाली तेव्हा वाईट वाटलं.

मोठा भाऊ म्हणून सांगतो बाई. मोडेल म्हणून वापर थांबवू नका. पोरांच्या हातात द्या. आमच्या पेटीचं कुलूप मी १९९४ ला मुख्याध्यापक झालो त्या दिवशी काढलं. भिंग पुढच्याच महिन्यात फुटलं. नवीन आणलं, १२ रुपयांना.

चिंचेचं झाड | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१०

गुरुजी, तो हत्तीचा प्रश्न! दंडवत त्या पोराला.

नुकतीच रुजू | ११ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मी मागच्या वर्षी लागले, शिक्षणसेवक, मानधन १६ हजार. मला उलट बाजूने लिहायचंय.

वय २६ म्हणून सगळ्यांनी धरलंय की मला तंत्रज्ञान येतं. त्यामुळे शाळेची सगळी ऑनलाइन माहिती माझ्याकडे. यू-डायसचे (शाळेच्या वार्षिक माहितीचे) फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची रोजची नोंद, कुठल्या तरी दिनाचे फोटो अपलोड करणे. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर तीन शाळांचे सरही "ताई, जरा बघता का" म्हणून फोन करतात. मी नाही म्हणत नाही, पण दुपारनंतर वर्ग माझ्या हातून सुटतो. फोन चालवता येणं आणि फोनच्या मदतीने मुलाला वाचायला शिकवणं यात खूप अंतर आहे, आणि हे दुसरं मला कुणी शिकवलेलं नाही. डी.एड.लाही नाही.

मला वाचन कसं शिकवायचं ते आमच्या शाळेतल्या ५४ वर्षांच्या बाईंनी शिकवलं. त्या मुलाच्या शेजारी बसतात, समोर नाही. बोट मुलाचंच ठेवायला लावतात. अडलं की लगेच सांगत नाहीत, आधीचा शब्द पुन्हा वाचायला लावतात. मी त्यांना फोन टीव्हीला कसा जोडायचा ते दाखवलं. आता त्या गोष्टीच्या पुस्तकाचं एकेक पान फोटो काढून टीव्हीवर लावतात आणि सगळा वर्ग एकाच पानावर बोट ठेवून वाचतो. आमच्याकडे त्या पुस्तकाची एकच प्रत आहे. बाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे, की आम्ही एकमेकींकडून शिकलो.

मांडवीकाठ | १२ नोव्हेंबर, दुपारी २.००

गोव्यातून. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडच्या मुलांच्या घरात कोंकणी, शाळेत मराठी. त्यामुळे वाचताना अडखळली की वर्गातली बाकीची हसतात, आणि मग ती तोंडच उघडत नाहीत.

माझ्या तिसरीच्या वर्गात असा एक मुलगा होता. जूनपासून ऑगस्टपर्यंत त्याने माझ्यासमोर एक ओळ मोठ्याने वाचली नव्हती. मी गुगलचं रीड अलाँग हे वाचनाचं अॅप फोनवर घेतलं होतं. त्यात दिया नावाची एक बाहुली ऐकत बसते, शब्द चुकला की तो शब्द म्हणून दाखवते. मी फोन त्याच्या हातात दिला आणि व्हरांड्यात पाठवलं. खिडकीतून ऐकू येत होतं. पोर वाचत होतं! अडखळत, परत परत, पण मोठ्याने. तीन आठवडे तो व्हरांड्यात वाचत होता. मग एके दिवशी मीच बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसले आणि फोन बंद केला. त्याने पान संपवलं.

आता हे कुणाकडून शिकले? पणजीच्या एका मैत्रिणीकडून, बसमध्ये. रानवाटा, तुमच्या मुलीच्या शाळेत जे होतंय ते मलाही आवडत नाही. पण माझ्या वर्गात त्या पोराला ऐकणारं, न हसणारं कुणी तरी हवं होतं. ते काही दिवस फोनने केलं, पुढे मी केलं.

रानवाटा | १२ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

मांडवीकाठ, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही फोन बंद करायला बाहेर गेलात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

माणदेशी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.२५

केंद्रप्रमुख आहे, त्यामुळे प्रशिक्षणाबद्दल थोडं लिहितो. माझ्या अनुभवात मोठी प्रशिक्षणं चार पायऱ्यांनी खाली येतात. राज्यावर सुलभक तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. पहिल्या पायरीवर जिवंत चर्चा असते. चौथ्या पायरीपर्यंत फक्त स्लाइड उरतात आणि त्या वाचून दाखवणारा माणूस. त्या माणसाचाही दोष नाही, त्याला दोन दिवस आधी फाईल मिळालेली असते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ५० तास पुष्कळ आहेत, मला ते हवेच आहेत. पण ते तास वर्गाच्या जवळ गेले पाहिजेत.

माझ्या केंद्रात १३ शाळा आहेत. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत आधी दीड तास सूचना, मग चहा, मग परत सूचना असा प्रकार होता. दोन वर्षांपूर्वी मी सूचनांचा एक कागद काढून ग्रुपवर टाकायला लागलो आणि तो वेळ मोकळा केला. आता ज्या शाळेत परिषद असते तिथली मुलं थांबतात. एक शिक्षक त्या मुलांना २० मिनिटं शिकवतो, आम्ही मागे बसून बघतो. मग बोलतो. पहिले तीन महिने कुणी पाठ घ्यायला तयार होईना, म्हणून मीच घेतला आणि माझा पाठ फसला. मुलांना माझा प्रश्नच कळला नव्हता. त्यावर सगळे मोकळेपणी बोलले, आणि पुढच्या महिन्यापासून नावं आपोआप यायला लागली.

आमच्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, १० लाख डॉलरचा, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांत त्यांनी आणलेले क्यूआर कोड सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मात्र ते वाटून देणं जास्त मोठं वाटतं. शिक्षक शिक्षकाला देतो तेव्हाच हे पुढे जातं.

शनिवारची शाळा | १३ नोव्हेंबर, पहाटे ५.४५

न्यू जर्सीत आठवड्यातून एकदा मराठी शिकवते, पगारी नोकरी नाही. २०२० मध्ये सगळं झूमवर गेलं तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवलं. आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "मावशी, तुझा आवाज म्यूट आहे, आणि तू खूप भराभर बोलतेस." दोन्ही सुधारलं. नुकतीच रुजू, तुझ्या बाईंचं "शेजारी बसायचं, समोर नाही" हे मी या शनिवारपासून करणार.

चिंचेचं झाड | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.००

अवांतर: डोंगरवाडीच्या बाई, २००३ च्या म्हणजे तुम्हालाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागू झाली का?

डोंगरवाडीच्या बाई | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१५

हो. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावंच लागेल. माझी बारा उरलीत. अर्ज भरलाय. रात्री मुलांचं आवरून झालं की बालमानसशास्त्र वाचते. खरं सांगते, पुन्हा वाचताना बऱ्याच गोष्टी नव्याने कळतायत, कारण आता डोळ्यांसमोर पोरं आहेत.

नुकतीच रुजू | १३ नोव्हेंबर, रात्री ८.००

बाई, नोट्स हव्या असतील तर सांगा. माझ्या हातच्या आहेत, अक्षर बरं आहे.

भूमितीवेडा | १३ नोव्हेंबर, रात्री ८.४०

अवांतरात भर. एआयचं काय करता मंडळी? मी प्रश्नपत्रिकेसाठी वापरतो, पण प्रत्येक गणित स्वतः सोडवून बघतो. आमच्या मराठीच्या बाईंनी एका चॅटबॉटला जोडाक्षरांचे वीस शब्द मागितले तर त्यात 'पाऊस' आणि 'आकाश' आले. त्यांनी ती यादी तशीच पाचवीला दिली आणि म्हणाल्या, यात चूक शोधा. पोरांनी दोन मिनिटांत शोधली. नंतर पंधरा दिवस ती पोरं प्रत्येक छापील कागदात चूक शोधत होती, शाळेच्या पाटीवरची एक वेलांटीसुद्धा दुरुस्त करून घेतली.

पाठनिरीक्षक | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

मूळ प्रश्नाकडे येतो. मी अध्यापक विद्यालयात शिकवत होतो, आयुष्यात काही हजार पाठ मागच्या बाकावर बसून पाहिले. भूमितीवेडा यांनी जे लिहिलं, की मी वाक्य आधी सांगून टाकत होतो, त्याच्याशी जोडून दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. बी.एड., डी.एड. झालेल्या सगळ्यांनी सूक्ष्म अध्यापन केलंय. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. तिचा जीव कशात होता? पाच-दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, तो चित्रित करायचा, स्वतः पाहायचा, आणि लगेच सुधारून पुन्हा घ्यायचा. आपल्याकडे ती आली तेव्हा कॅमेरा कुठून आणणार? मग आम्ही निरीक्षणाचे तक्ते भरले आणि मुलांऐवजी सहाध्यायी बसवले. स्वतःला पाहणं राहूनच गेलं. आज तो कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे.

दुसरी. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधिकेने वर्गांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकल्या, ते १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालं. तिला दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. मग दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तिने शिक्षकांना तीन सेकंदांपर्यंत थांबायला शिकवलं. तेवढ्याने मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारी बोलायला लागली, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली.

बाई, तुम्ही पॅनेल काही दिवस बाजूला ठेवा. फोनचा रेकॉर्डर सुरू करून टेबलावर ठेवा, एक तास घ्या, आणि रात्री एकटीने ऐका. दुसऱ्या कुणाला ऐकवायची गरज नाही.

रानवाटा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

कल्पना चांगली आहे, पण मुलांच्या संमतीचं काय? शाळांच्या ग्रुपवर मुलांचे फोटो, व्हिडिओ किती सहज फिरतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते असं आहे. एकदा बाहेर गेलेलं परत येत नाही.

पाठनिरीक्षक | १४ नोव्हेंबर, रात्री ११.००

अगदी रास्त. फक्त आवाज घ्यावा, कुणाला पाठवू नये, ऐकून झाला की पुसून टाकावा. आणि पालकांना आधी सांगावं.

डोंगरवाडीच्या बाई | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.००

पालक सभेत सांगते आणि करते. जरा धास्ती वाटतेय, पण करते.

डोंगरवाडीच्या बाई | ६ डिसेंबर, रात्री ९.५५

उशीर झाला, माफ करा. मधल्या काळात पालकांशी बोलले, तीन तास रेकॉर्ड केले, तिन्ही ऐकले आणि पुसले. लिहायला बसले तर हात चालेना, म्हणून आज लिहितेय.

पहिला तास तिसरी-चौथीचा, परिसर अभ्यास. मी विचारते, "सूर्य कुठल्या दिशेला उगवतो?" आणि लगेच माझाच आवाज येतो, "पू..." पोरं म्हणतात, "...र्व!" तासभर हेच. मी शब्दाचं पहिलं अक्षर द्यायचं, त्यांनी शेपूट जोडायचं. आवाज मोठा, तास जिवंत वाटतो. पण २२ वर्षं मला वाटत होतं पोरं उत्तरं देतायत. एका ठिकाणी एक बारीक आवाज "बाई, पण..." असा येतो आणि त्यावर माझं पुढचं वाक्य चढतं. तो आवाज कुणाचा ते मी पाच वेळा ऐकून ओळखलं. एक ठाकरवाडीवरची मुलगी, चौथीत आहे, वर्गात बोलत नाही असं मी तिच्या आईला सांगितलं होतं. त्या रात्री मी रडले.

दुसऱ्या तासाला मी थांबायचं ठरवलं. प्रश्न विचारायचा आणि मनात एक, दोन, तीन, चार म्हणायचं. फार अवघड जातं. पोरंही गोंधळली, एकाने विचारलं, "बाई, तुम्ही विसरल्या का?"

मग तिसऱ्या तासाला पॅनेल लावलं. आमच्याकडे रेंज नाही, म्हणून अकोल्याला गेले तेव्हा माझ्या मुलीच्या मदतीने आमच्याच वाडीचं उपग्रहचित्र उतरवून पेन ड्राईव्हवर आणलं होतं. काही न बोलता लावलं. विचारलं, "काय दिसतंय?" आणि थांबले. आधी कुणाला कळेना. मग एकाने धरणाचं पाणी ओळखलं. पाण्यावरून ओढा सापडला, ओढ्यावरून पायवाट, पायवाटेवरून शाळा. पॅनेलवर बोटाने मोठं करून पोरांनी आपापली घरं शोधली. तेव्हा ती मुलगी पुढे आली. बोट ठेवून म्हणाली, "ह्यो फोटू पावसाळ्यातला हाये. आमच्या घरावर निळा कागद हाये."

आमच्याकडे मे अखेरीला छपरावर प्लास्टिकचा निळा कागद टाकतात, दिवाळीच्या सुमारास काढतात. मी तोंड उघडलं होतं, "शाब्बास" म्हणणार होते. थांबले. मागून एक जण म्हणाला, "पावसात काढला असता तं नुसतं ढगच दिसलं असतं." ती पुन्हा गप्प. मी मोजत होते, तीन, चार, पाच. मग ती म्हणाली, "मंग पाऊस उघडल्यावं काढला. गवत हिरवं हाये, अन् कागद अजून काढला न्हाय." सगळा वर्ग चित्रात शिरून गवत बघायला लागला.

रेकॉर्डिंगमध्ये त्या सात-आठ मिनिटांत माझा आवाज चार वेळा आहे. पाठनिरीक्षक सर, तुमचे उपकार कसे फेडू. गुरुजी, पोरांनी पॅनेलवर हात ठेवून ठेवून तेलकट डाग पाडलेत, पुसते आणि पुन्हा पाडू देते.

निवृत्त गुरुजी | ६ डिसेंबर, रात्री १०.१५

बाई, माझ्या हत्तीवाल्या पोराला आज जोडीदारीण मिळाली.

मांडवीकाठ | ६ डिसेंबर, रात्री १०.३०

निळा कागद! मी उद्या माझ्या वर्गाला ही गोष्ट सांगणार. तिच्या आईला कळवलंत का?

डोंगरवाडीच्या बाई | ६ डिसेंबर, रात्री १०.५०

घरी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, घरी तर ही लई बोलती.

नुकतीच रुजू | ७ डिसेंबर, सकाळी ८.२०

मीपण दोन तास रेकॉर्ड केले. मी प्रत्येक वाक्यानंतर "कळलं का?" म्हणते. एका तासात ४१ वेळा. आणि दर वेळी सगळे "हो" म्हणतात. आता त्याऐवजी "तू सांग बघू कसं केलंस" असं म्हणून बघतेय. बाई, ते चित्र मला पाठवाल का?

डोंगरवाडीच्या बाई | ७ डिसेंबर, दुपारी १.००

माझं नको घेऊस, तुझ्या गावाचं उतरव. कसं उतरवायचं ते फोनवर सांगते, मला आता येतं.

माणदेशी सर, तुमचं वाचून मी आमच्या केंद्रप्रमुखांना विचारलं. या महिन्याच्या परिषदेत मला २० मिनिटं दिलीत, आमच्याच शाळेत. रेकॉर्डिंगचा अनुभव सांगू का नुसता, की पाठ घेऊ?

माणदेशी | ७ डिसेंबर, दुपारी १.४०

पाठ घ्या. मुलं समोर असू द्या. आणि त्या मुलीला मुद्दाम पुढे बसवू नका, ती बसते तिथंच बसू द्या.